देवाच्या खुणा कशा ओळखायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात चौतीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं, मिशनच्या मराठी ख्रिस्ती घरातलं. सासर इथल्याच एका गावठाणातलं, ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातलं. त्यामुळे आमच्या घरी एका भिंतीवर वचनांचं कॅलेंडर आणि समोरच्या भिंतीवर मरियामाउलीची तसबीर, असा संसार झाला. रविवारी उपासनेनंतर चहा घेताना मुलंमुली, कधी त्यांच्या आयाही, मला बाजूला घेऊन जे विचारतात ते इथे लिहून काढलंय. उत्तरं माझी आहेत. पटली नाहीत तर आपल्या पाळकांशी, फादरांशी बोला.

खूण म्हणजे चमत्कारच का?

नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या चमत्कारांना ‘चिन्हं’ म्हटलंय, आणि हा शब्द सहज पडलेला नाही. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, पण योहानाला कौतुक द्राक्षारसाचं नाही, तो कोणाकडे बोट दाखवतो त्याचं आहे. त्या लग्नातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला माहीत नव्हतं. माहीत होतं ते पाणी भरणाऱ्या नोकरांना. खूण मांडवात घडली आणि कळली ती रांजणांपाशी.

आपल्या मराठीत एक मजा आहे. येशूच्या गोष्टींना आपण दाखले म्हणतो, आणि शाळेतून, तहसीलदार कचेरीतून आणतो तोही दाखलाच. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना देवाकडून हा दुसरा दाखला हवा असतो: सहीशिक्क्याचा, तारीख घातलेला, कुणाच्याही तोंडावर मारता येईल असा. येशूने दिले ते पहिले. पेरणारा, हरवलेलं मेंढरू, पिठात लपवलेलं खमीर. ते घेऊन घरी जायचं आणि डोकं खाजवत बसायचं.

देव सगळीकडे आहे म्हणता, मग खुणा कशाला शोधायच्या?

कारण तो असतो तेव्हा आपलं लक्ष नसतं. याकोब धोंडा उशाला घेऊन झोपला आणि जागा झाल्यावर म्हणाला, परमेश्वर इथेच आहे, मलाच ठाऊक नव्हतं. येशू मरणातून उठल्यावर अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य कितीतरी वेळ येशूबरोबर चालले, बोलले, आणि त्याने भाकर मोडली तेव्हा कुठे ओळख पटली. पटली तोवर तो दिसेनासा झाला होता. मोशेने तर देवाला सरळच सांगितलं की तुझं तेज दाखव. देवाने त्याला खडकाच्या कपारीत उभं केलं, जाईपर्यंत हाताने झाकलं, आणि पाठ तेवढी दाखवली.

निर्गमच्या तेहतिसाव्या अध्यायातली ही पाठ मी कायम लक्षात ठेवते. देव बहुधा पाठमोराच दिसतो, पुढे निघून गेल्यावर. ‘आत्ता देव मला काय सांगतोय’ या प्रश्नाने माणसं कासावीस होतात. ‘गेल्या पावसाळ्यात तो कुठे होता’ असं विचारा, निम्म्याहून अधिक जणांना काहीतरी आठवतं.

मी देवाकडे खूण मागू शकते का?

मागा. फक्त आपण का मागतोय ते आधी स्वतःला विचारा. शत्रूशी लढायला निघालेल्या गिदोनाने लोकर खळ्यात ठेवून दोनदा खूण मागितली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं, हे कुणी लक्षात घेत नाही. त्याला माहिती नको होती, धीर हवा होता, आणि देवाने तो दिला. उलट यहूदाच्या आहाज राजाला देव स्वतःहून म्हणाला, माग काय खूण मागायची ती. तर हा साळसूदपणे म्हणतो, छे, मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही. भक्तीबिक्ती काही नाही, त्याचा डोळा अश्शूरच्या राजाच्या मदतीवर होता. परूशांनी, म्हणजे नियमशास्त्राच्या कडक पंथाच्या लोकांनी, खूण मागितली तेव्हा येशूने माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या योनाच्या चिन्हावर बोळवण केली, कारण मिळाली असती तरी ते मानणार नव्हते.

आणि येशूचा शिष्य थोमा? त्याला आपण उगीच बदनाम करतो. येशू मरणातून उठलाय हे जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, तरी येशू आठ दिवसांनी त्याच्यासाठी पुन्हा आला. फोर्टातलं १७१८ साली खुलं झालेलं चर्च याच थोमाच्या नावाचं. त्या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. म्हणजे आपली अर्धी मुंबई रोज शंकेखोराच्या दारात उतरते आणि पुढे कामाला जाते.

वचनपेटीतली चिठ्ठी काढून निर्णय घ्यावा का?

ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी सांगते: वचनपेटी म्हणजे छोटी डबी, आत बायबलच्या वचनांच्या बारीक चिठ्ठ्या उभ्या खोचलेल्या. सकाळी एक काढायची, वाचायची, परत खोचायची. माझ्या आईची होती, झाकणाचा कोपरा उडालेला.

मी तिशीत असताना आखाती देशातल्या नोकरीचं आलं. एजंटला आगाऊ पैसे द्यायचे होते. मी प्रार्थना केली आणि चिठ्ठी काढली. निघालं स्तोत्र ४६: शांत राहा, मी देव आहे हे जाणून घ्या. मला वाटलं, ही काही उत्तराची चिठ्ठी दिसत नाही. दुसरी काढली, ती कशाबद्दल होती आता आठवत नाही. तिसरी निघाली अब्राहामाची: आपला देश, आपलं गोत सोडून निघ. झालं! डोळ्यांत पाणी आलं, अंगावर काटा आला. सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरले. एजंट दोन महिन्यांत गाशा गुंडाळून पसार झाला आणि हप्ते मी चार वर्षं फेडले.

कितीतरी दिवस मी म्हणत राहिले, देवाने मला फसवलं. मग एकदा आईने विचारलं, “पहिली चिठ्ठी कोणती होती गं?”

वचनपेटी वाईट नाही. अजूनही ती माझ्या टेबलावर आहे. रोजचा घास म्हणून घ्या. नोकरी, लग्न, घर यांचे कौल तिच्यातून काढू नका, आणि काढलेच तर निदान पहिल्या चिठ्ठीवर थांबा. मोबाइलवर सकाळी येणाऱ्या वचनांनाही हेच लागू. ती सेवा हजारोंना तेच वचन पाठवते. ते तुम्हाला भिडेल, पण तुमच्या फ्लॅटच्या व्यवहारासाठी लिहिलेलं नसतं.

घडलं तो योगायोग होता की देव, हे कसं ओळखायचं?

त्या क्षणी बहुतेकदा ओळखता येत नाही. कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. आगगाडीने राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणं निघालं, आणि त्याने नवा करार हातात देऊन सांगितलं, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही आपल्या मुंबईतच. आज आपण त्या डब्याकडे बोट दाखवून म्हणतो, बघा खूण! पण गाडीतून उतरताना टिळकांच्या हातात एक पुस्तक होतं, बस. ते त्यांनी उघडलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, पुढे दिवसेंदिवस वाचत, झगडत राहिले, म्हणून त्या भेटीची खूण झाली. पुस्तक उघडलंच नसतं तर ती प्रवासातली एक गमतीची आठवण राहिली असती.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यात कसली खूण दिसणार? त्यांच्यासाठी तो घरावर कोसळलेला डोंगर होता. काही वर्षं नवराबायको वेगळी राहिली. लक्ष्मीबाई आपल्या वाटेने, आपल्या वेळेने आल्या. त्यांनी स्वतः लिहिलंय, की जातींचा विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं, हा भेद काही देवाने केलेला नाही. मग कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं त्यांनी ठरवलं. ना दृष्टांत, ना आवाज. माझ्या माहेरच्या वस्तीत त्या पाण्याच्या गोष्टीचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातली देवाची सर्वांत स्पष्ट खूण मला तरी तीच वाटते.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे: पुढे काय झालं ते बघा. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ सांगितलंय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, पुढचं तुम्हाला पाठ असेल. ‘खूण’ मिळाल्यावर माणूस घरच्यांशी अधिक मायेने वागायला लागला का, की तोऱ्यात फिरायला लागला? फळ म्हटलं की पिकायला वेळ लागणारच.

आणखी एक कसोटी जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाची. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड नीट बसलं नाही म्हणून पुन्हा मोडून बसवलं, तेही भुलीशिवाय. मी ऑर्थोच्या वॉर्डात काम केलंय, मला ते वाचवत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा: एक दरबारातल्या पराक्रमाची, दुसरी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागायची. नंतर मात्र पहिलीने मन कोरडं पडायचं, दुसरीचा आनंद मागे रेंगाळायचा. त्याने ही मागची चव लक्षात ठेवली आणि पुढे तीच शिकवली. एखादी गोष्ट देवाकडून आहे असं वाटलं की दोन दिवस थांबा. तोंडात काय चव उरते ते बघा.

घड्याळात सारखे आकडे दिसणं, फुलपाखरू घरात येणं, हे देवाचे निरोप असतात का?

११:११ दिसलं तर अकरा वाजून अकरा मिनिटं झालीत. फुलपाखरू पाहून गेलेल्या आईची आठवण आली तर तिच्यासाठी देवाचे आभार माना, त्यात काही वावगं नाही. फुलपाखराला पोस्टमन करू नका. आमच्याकडे चार पिढ्या ख्रिस्ती होऊन गेल्या तरी खिडकीत कावळा ओरडला की आजी चहाचं आधण वाढवायची. पाहुणा कधी यायचा, कधी नाही. चहा मात्र संपायचा.

क्रूसातून पाणी आलं, तसबिरीतून तेल आलं, तर काय समजायचं?

आधी प्लंबरला बोलवा. थट्टा नाही, खरंच सांगते. या शहराने बरंच पाहिलंय. १९९५ मध्ये गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या. २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्र गोड झाला म्हणून लोक ते गढूळ पाणी बाटल्यांत भरून प्यायले. आम्ही नर्सेस मात्र गॅस्ट्रोच्या धास्तीने सलाइनच्या बाटल्या मोजत होतो. मग २०१२ मध्ये आपली पाळी आली. विलेपार्ल्याजवळ एका क्रूसाच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं आणि ते तीर्थासारखं नेलं जाऊ लागलं. सनल एडामारुकू या बुद्धिवाद्याने येऊन पाहिलं आणि सांगितलं की जवळच्या तुंबलेल्या नाल्याचं पाणी केशाकर्षणाने वर चढतंय, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. पुढे त्याच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि तो देश सोडून गेला.

त्या तक्रारींची मला अजून लाज वाटते. नाल्याचं पाणी नाल्याचं आहे असं सांगणाऱ्याने आपल्या प्रभूचं काय बिघडवलं? आपलं काहीजणांचं पोट तेवढं वाचवलं असेल.

चर्च स्वतः या बाबतीत लोकांना वाटतं त्याहून फार सावध असतं. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८५८ पासून लोक जाताहेत. बरं झाल्याचे हजारो दावे झाले, डॉक्टरांनी तपासले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले. त्यांनुसार एखादी घटना अलौकिक आहे असं आता साधारणपणे जाहीरच केलं जात नाही. भक्तीला हरकत नाही, एवढंच बिशप सांगू शकतात. माझ्या प्रॉटेस्टंट माहेरी तर असल्या गोष्टींना दारातूनच रामराम.

प्रार्थनेत मला काहीच जाणवत नाही. देव माझ्यावर नाराज आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो विचारणारी माणसं सहसा खाली बघून विचारतात.

मदर तेरेसांना १९४६ मध्ये दार्जिलिंगच्या गाडीत हाक ऐकू आली, गरिबांत जाऊन राहा. त्यांनी ती पाळली. आणि काम सुरू झाल्यावर आत जो काळोख पसरला तो जवळजवळ शेवटपर्यंत राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी पत्रं छापली गेली तेव्हा जग चकित झालं. प्रार्थनेत काही जाणवत नव्हतं, आणि रोज सकाळी त्या उठून जात होत्या. स्तोत्रसंहितेतही असे दिवस आहेत. तेराव्या स्तोत्रात चार वेळा ‘कुठवर?’ आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही. कुणीतरी ती जोडू शकलं असतं, पण जोडली नाही. खुद्द येशूने वधस्तंभावर बावीसाव्या स्तोत्राचा ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ हा आक्रोश केला. तुम्हाला काही जाणवत नसेल तर तुम्ही वाईट संगतीत नाही.

दुसरी गोष्ट नर्स म्हणून. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. ती मंद, शांत वाणी त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच मन नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच जा, एकट्याने बसू नका. त्यात विश्वास कमी पडल्याची लाज नाही.

पूर, आजार, अपघात ही देवाची शिक्षा असते का?

सिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूला हेच विचारायचं लोकांच्या मनात होतं. तो म्हणाला, ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजता काय? नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप याचं की आईबापांचं? तिथेही नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नंतर कुणी कुणी सांगत होतं, मुंबईच्या पापांचा घडा भरला. पापंच शोधायची तर मिठी नदीत भराव टाकणाऱ्यांकडे शोधा. समुद्राला भरती होती, नाले तुंबले होते, नदीला जायला वाट ठेवली नव्हती.

मी त्या दिवशी दुपारच्या पाळीत होते. रात्रपाळीचं कुणी येऊच शकलं नाही, तेव्हा आम्ही दोघी तशाच पुढे चालू. रात्री खिडकीशी उभं राहून मी प्रार्थना केली, प्रभू, आता थांबव. थांबला नाही. सकाळी वॉर्डच्या दारात आमच्या मावशी, म्हणजे वॉर्डातल्या आया, उभ्या. कुर्ल्याच्या पुढून रुळांवरून चालत आल्या होत्या, लुगडं छातीपर्यंत चिखलाचं, डोक्यावर धरलेल्या पिशवीत दोन लाद्या पाव. मी म्हटलं, “मावशी, आज कशाला आलात? हजेरी कोण बघतंय?” तर म्हणाल्या, “चौदा नंबरच्या बाबांना भरवणार कोण?” चौदा नंबरवर फुटपाथवरून आणलेले एक म्हातारे होते, केसपेपरवर नावाच्या जागी ‘अनोळखी’. मावशींनी हात धुतले, पिशवी उघडली. एका लादीची कड भिजली होती. ती कड त्यांनी तोडून स्वतःच्या तोंडात टाकली, कोरडा पाव चहात बुडवून बाबांना भरवला, आणि मग लुगडं बदलायला गेल्या.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात नीतिमान लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? मला वाटतं, मावशीही तेच विचारतील. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांच्या हातूनही देवाच्या खुणा दिसतात?

वरचं वाचून तुम्हीच ठरवा. बायबलमध्ये रोमी शताधिपती आहे, ज्याच्यासारखा विश्वास इस्राएलातही सापडला नाही असं येशू म्हणाला. वाटेवरच्या जखमी परक्याला उचलणारा चांगला शोमरोनी आहे. मलकीसदेक आहे, जो कुठून आला कुणाला माहीत नाही आणि अब्राहामाला आशीर्वाद देऊन जातो. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्टच म्हटलं, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही. सगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या इतकं पुढे जाणार नाहीत, आणि आमच्या घरी यावरून जेवताना बऱ्याच वेळा भाकरी थंड झालीय.

माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे माउलीच्या खास प्रार्थनेला, जाऊन उभं राहा, नाहीतर सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेत. कोळी बाया मोत माउलीला येतात, बुरख्यातल्या बाया येतात, कपाळावर टिळा लावलेले येतात. कुणाच्या मनात काय असतं ते मी ओळखत नाही. माझ्या विश्वासात तारण येशूमध्ये आहे. त्याने कुणाच्या हाताने पाव भरवावा यावर मात्र माझा ताबा नाही.

मेणाचे हातपाय वाहणं, नवस बोलणं, हे खूण मागण्यासारखंच आहे का?

वांद्र्याच्या माउंट मेरीच्या, म्हणजे मोत माउलीच्या, वाटेवर मेणाचे हात, पाय, बाळ, घरसुद्धा मिळतं. माहेरच्यांना हे खटकतं. सासूबाई म्हणायच्या, “अगं, त्या बाईला सांगता येत नाही कुठे दुखतंय, म्हणून ती माउलीला पाय दाखवते.” हे मला पटलं. ‘पाय बरा केलास तरच येईन’ असा सौदा मात्र नको.

एक जण म्हणतो, ‘देवाने मला तुमच्याबद्दल दाखवलंय’. विश्वास ठेवू का?

ऐकून घ्या आणि तपासा. योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. पौल थेस्सलनीकेकरांना सांगतो, संदेश तुच्छ मानू नका, पण सर्व पारखून चांगलं तेवढं धरा. दोन्ही बाजू आल्या.

तीन ठिकाणी मात्र पारखत बसायचंही कारण नाही, चपला घालून निघायचं. पैसे मागितले तर. घरच्यांना किंवा मंडळीला सांगू नका म्हटलं तर. आणि औषध बंद करा म्हटलं तर. ‘देवाने बरं केलंय, आता इन्सुलिनची गरज नाही’ असं ऐकून घरी बसलेली बाई बेशुद्धावस्थेत स्ट्रेचरवरून आली होती, तिची साखर मी स्वतः तपासलीय. देवाने बरं केलं असेल तर ते रिपोर्टमध्ये दिसेल, डोस डॉक्टर कमी करतील. येशूनेही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन दाखव म्हणून सांगितलं.

आणि घरात कुणाला सतत आवाज ऐकू येत असतील, ते आज्ञा करत असतील, धमकावत असतील, तर प्रार्थनेच्या बरोबरीने मनोविकारतज्ज्ञ हवा. आधी उपास, मग डॉक्टर, असा क्रम लावू नका.

मुंबईच्या धबडग्यात हे सगळं करायला वेळ कुठे आहे?

मी करते ते सांगते. पाळी संपली की नर्सला ‘ओव्हर’ द्यावा लागतो. येणारीला बरोबर घेऊन खाटेखाटेपाशी जायचं: हिला रात्री ताप होता, याचं ड्रेसिंग बाकी आहे, या बाबांनी आज दोन घास जास्त खाल्ले. दहा-पंधरा मिनिटांचं काम. निवृत्त झाल्यावर मला त्याची फार चुटपुट लागली, तेव्हा मी रात्री झोपताना देवाला ओव्हर द्यायला लागले. दिवसभरात कोण भेटलं, कुठे माझा तोल गेला, कुठे कुणी अवचित चांगलं वागलं, काय राहून गेलं. इग्नेशियसची अशीच एक रोजची प्रार्थना आहे हे मला सासरच्या एका फादरांनी नंतर सांगितलं. मला वाटत होतं, मीच शोधलं.

यात नवं काही मागायचं नाही, झालेला दिवस खाटेखाटेने फिरून बघायचा. पहिल्या आठवड्यात काही सापडत नाही. मग एखाद्या मंगळवारी लक्षात येतं, लोकलमध्ये चौथ्या सीटवरच्या बाईने अंग चोरून जागा दिली होती आणि मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. झोपायच्या आधी जमत नसेल तर घरी परतताना गाडीत करा. उभ्यानेही होतं. दादर आलं की मात्र डोळे उघडा.

आणखी काही विचारायचं असेल तर?

रविवारी उपासना सुटल्यावर मी चहाच्या टेबलापाशी असते. बिनसाखरेचा हवा असेल तर आधी सांगावं लागतं, तो वेगळ्या किटलीत असतो.